‘मी डोलकर’ लोकगीत आहे का? कसोटी कोणती लावायची?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी एका युवा महोत्सवात समूह लोकगीताच्या गटात ‘मी डोलकर, डोलकर, दर्याचा राजा’ हे गाणे सादर केले. एका परीक्षकांनी ‘हे शान्ता शेळके यांनी लिहिलेले गीत आहे, लोकगीत नव्हे’ असे म्हणून गुण कापले. दुसऱ्या परीक्षकांचे म्हणणे असे की, किनाऱ्यावरच्या प्रत्येक हळदीत जे गाणे वाजते त्याला लोकगीत म्हणायचे नाही, तर मग म्हणायचे तरी कशाला? दोघांपैकी बरोबर कोण, आणि लोकगीत ओळखण्याची खात्रीची कसोटी कोणती, असे आपण विचारले आहे.

गेली तीसेक वर्षे मी जात्यावरच्या ओव्या, फेराची गाणी आणि गोंधळ ध्वनिमुद्रित करते, शिकवते, आणि अशाच स्पर्धांना परीक्षक म्हणूनही जाते. माझे मत सुरुवातीलाच सांगते. पहिल्या परीक्षकांचा निर्णय मला बराचसा मान्य आहे, परंतु त्यांनी दिलेले कारण मुळीच मान्य नाही. आणि त्या कारणाने पुढे जे नुकसान होते ते एका संघाच्या गुणांपेक्षा पुष्कळ मोठे असल्यामुळे मी इथे जरा विस्ताराने लिहीत आहे.

कवीचे नाव ठाऊक आहे म्हणून ते लोकगीत नाही, ही कसोटी मराठीत लावू लागलो तर हाती जवळपास काहीच उरत नाही. भारूड घ्या. विंचवाचे भारूड लोककलेच्या कोणत्याही कार्यक्रमात असते आणि ते लोककला नाही असे कोणी म्हणत नाही. पण ते सोळाव्या शतकातल्या एकनाथांचे आहे, आणि त्याच्या शेवटी ‘शांत केली जनार्दने’ असे त्यांच्या गुरूंचे नावही आहे. आज मिळणाऱ्या पोवाड्यांत सर्वांत जुना मानला जातो तो 1659 च्या अफझलखान वधाचा पोवाडा. त्याच्या कर्त्याचे नाव अज्ञानदास. राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, प्रभाकर, परशराम, सगनभाऊ या शाहिरांनी आपापल्या लावण्यांत स्वतःची नावे गुंफून ठेवली आहेत. त्याहून मागे जाऊन तेराव्या शतकातल्या महदंबेचे ‘धवळे’ पाहिले, तर ती लग्नात म्हणायच्या गाण्यांच्या धाटणीची रचना आहे, आणि ती करणारी बाई आपल्याला नावानिशी माहीत आहे. गोव्यातल्या मांडो या कोंकणी गीतप्रकाराची गोष्टही तशीच. ‘आदेवस कोर्चो वेळ पावलो’ हा निरोपाचा मांडो गोव्याचे लोकसंगीत म्हणून जगभर गायला जातो, आणि तो तोर्कातो द फिगेरेदो यांनी रचला हेही सर्वांना माहीत असते. म्हणजे नाव ठाऊक असणे आणि लोकांचे असणे, या दोन गोष्टी आपल्याकडे शतकानुशतके एकत्र नांदत आल्या आहेत.

मग ‘लोकगीत म्हणजे अनामिक’ हे समीकरण आले कुठून? ते आले युरोपातल्या संग्राहकांकडून. इंग्लंडमध्ये सेसिल शार्प यांनी 1907 साली लोकगीताची तीन तत्त्वे मांडली: सातत्य, बदल आणि निवड. गाणे एका पिढीकडून दुसरीकडे जात राहिले पाहिजे, जाताना गाणाऱ्यांच्या तोंडी ते बदलत राहिले पाहिजे, आणि त्या बदलांतले कोणते टिकणार हे समाजाने ठरवले पाहिजे. पुढे 1947 साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषदेने 1954 साली ब्राझीलमधल्या साओ पावलो येथील अधिवेशनात या तीन तत्त्वांवरच आपली व्याख्या उभी केली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, एका व्यक्तीने रचलेले आणि नंतर समाजाच्या अलिखित जिवंत परंपरेत मुरलेले संगीतही लोकसंगीतच होय, असे त्या व्याख्येत स्पष्ट म्हटले आहे. वगळले आहे ते निराळेच: समाजाने तयार अवस्थेत उचललेले आणि न बदलता तसेच ठेवलेले लोकप्रिय संगीत. आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि स्पर्धांच्या नियमावल्यांत मात्र या व्याख्येची फक्त सावली आली, आणि ‘कर्ता अज्ञात’ एवढी एकच खूण शिल्लक राहिली. त्या परिषदेने स्वतः 1981 साली आपल्या नावातला ‘लोक’ हा शब्द काढून ‘पारंपरिक’ हा शब्द घेतला, इतका हा वाद तिथेही मिटलेला नाही.

शिवाय आपल्याकडचा कर्ता पुष्कळदा अज्ञात असतो तो त्याचे नाव कोणी विचारले नाही म्हणून. अनेक जुन्या ओवीसंग्रहांत हजारो ओव्या छापल्या आहेत आणि त्या सांगणाऱ्या बायांची नावे नाहीत. याउलट गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांबरोबर खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत ओवी कोणत्या बाईने कोणत्या गावी सांगितली याची नोंद आहे. नावे लिहिली म्हणून त्या ओव्या लोकगीतांतून बाहेर पडल्या, असे कोणी म्हणेल काय?

तेव्हा गाणे जन्मले कुठे यापेक्षा त्याचे पुढे काय झाले, हे मी पाहते. ते कोणाच्या तोंडी आहे, कोणत्या कामाच्या किंवा विधीच्या वेळी म्हटले जाते, आणि मुख्य म्हणजे म्हणणाऱ्याला ते बदलण्याची मोकळीक वाटते की नाही. ही मोकळीक ज्याला ऐकायची असेल त्याने नवरात्रात भोंडल्याला जाऊन उभे राहावे. ‘ऐलमा पैलमा गणेश देवा’ यानंतर कुठे ‘माझा खेळ मांडू दे’ येते, तर कुठे ‘माझा खेळ मांडियेला’. पारवा एका गावात बुरुजावर घुमतो आणि दुसऱ्या गावात पारावर. एकाच वाड्यातल्या दोन जावा आपापल्या माहेरचा पाठ धरतात आणि फेर फिरता फिरता एकमेकींना दुरुस्त करतात. ‘श्रीकांता कमळकांता’ या गाण्यात तर साचाच असा आहे की त्यात भर घालावीच लागते. वेड्याच्या बायकोने लाडू केले, वेड्याने चेंडू समजून खेळायला घेतले. तिने शेवया केल्या, त्याला त्या गांडुळे वाटल्या. काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका सोसायटीच्या गच्चीवर आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीने मध्येच ‘केले होते नूडल्स’ असे म्हटले, आणि पुढची ओळ तिला सुचण्याआधीच फेरातल्या बाकीच्या मुलींनी ती पुरी केली. साचा, चाल आणि फेराची गती जागच्या जागी राहिली, नवा पदार्थ आत आला आणि चपखल बसला. त्या मुलीने कोणाची परवानगी मागितली नाही आणि कोणी तिला ‘असे नसते’ म्हणाले नाही. मला लोकगीत म्हणजे काय हे एका उदाहरणाने दाखवायला सांगितले, तर मी ती गच्ची दाखवीन.

आता याच कसोटीवर ‘डोलकर’ पाहू. शब्द शान्ता शेळके यांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे, आवाज लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांचे. डोल जाळ्याने मासेमारी करणारा तो डोलकर, एवढा नेमका व्यवसायवाचक शब्द धृपदात आहे, आणि सहा मात्रांची ती लाट ओळखीच्या कोळी ठेक्यातली आहे. लोकशैलीचे इतके उत्तम भान असलेली रचना विरळा, हे मी मनापासून म्हणते. परंतु लोकशैलीत लिहिलेले गीत आणि लोकगीत यांत अंतर आहे. मी मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्यावर ज्या हळदी पाहिल्या त्यांत बॅन्जो पार्टी या गाण्याचे धृपद दोन-चार वेळा वाजवते आणि दुसऱ्या गाण्यावर जाते. बरोबर कोणी म्हटलेच तर ध्वनिमुद्रिकेतले शब्द जसेच्या तसे म्हटले जातात. चुकले तर लोक ‘चुकलं’ म्हणतात. भोंडल्यात ‘चुकलं’ या शब्दाला फारसे स्थान नाही. जिथे एक मूळ प्रत सर्वांच्या कानात पक्की असते आणि बाकी सारे तिच्याशी ताडून पाहिले जाते, तिथे गाणे लोकप्रिय असते, पण लोकांनी ते अजून आपल्या हाताने घडवायला घेतलेले नसते.

‘अजून’ हा शब्द मी जाणून वापरला आहे. एका मांडवात मी बायकांना याच चालीवर नवरीच्या आत्यांची आणि मामांची नावे घेऊन स्वतःचे शब्द म्हणताना ऐकले आहे. तिथे चाल लोकांच्या हाती गेली होती, शब्द मागे राहिले होते. अशी अर्धीमुर्धी अवस्था पुष्कळ गाण्यांची असते, आणि ‘आहे की नाही’ असा एका शब्दात निकाल मागणाऱ्याला ती अडचणीची वाटते. मला ती अवस्थाच सर्वांत कुतूहलाची वाटते.

दुसऱ्या परीक्षकांनी हळदीचा दाखला दिला म्हणून त्याच हळदीतली आणखी एक गोष्ट सांगते. आगरी-कोळी समाजात लग्नविधीची गाणी म्हणणारी धवलारीण असते. मांडव, हळद अशा एकेका विधीला तिचा धवला ठरलेला असतो, आणि तो म्हटल्याशिवाय तो विधी पुरा झाला असे घरातली वडीलधारी मंडळी मानत नाहीत. ध्वनिक्षेपक नसतो, ठेका धरणारे वाद्य बहुधा नसते. आवाज बसका, चाल तीन-चार स्वरांतली, आणि आजूबाजूच्या बायका शेवटचा तुकडा ओढून धरतात. मी एका धवलारणीला विचारले होते की, रात्री बॅन्जोवर वाजते तेही तुमचेच गाणे ना? ती म्हणाली, ‘ते नाचाचं. हे लग्नाचं.’ तिने एकाला खरे आणि दुसऱ्याला खोटे ठरवले नाही; कोणते गाणे कोणत्या कामाचे एवढेच सांगितले. ज्यांची ही गाणी आहेत ते ‘लोकगीत’ हा शब्द क्वचितच वापरतात. त्यांच्याकडे ओवी, पाळणा, धवला, फेराचे गाणे, गोंधळातले पद अशी कामानुसार नावे असतात. ‘लोकगीत’ हे या सर्वांवर बाहेरून घातलेले एकच पांघरूण आहे. अभ्यासाला ते सोयीचे, पण त्याखाली काय काय आहे ते उघडून पाहावे लागते.

उलट बाजूचे उदाहरण बहिणाबाई चौधरींचे. 1880 साली जळगावजवळच्या आसोद्याला जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. जाते ओढताना, शेतात राबताना त्यांनी आपल्या खानदेशी लेवा बोलीत ओव्या रचल्या, आणि घरच्यांनी त्या उतरवून ठेवल्या. रचना मौखिक, छंद ओवीचा, भाषा बोलीची, प्रसंग कष्टाचा. लोकगीताची एकूण एक लक्षणे इथे आहेत. पण ती गाणी 1952 साली, त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, शाळेत पोहोचली आणि तेव्हापासून ती अक्षरही न बदलता म्हटली जातात. ‘अरे खोप्यामधी खोपा’ यात कोणी आपला शब्द घातला तर ते आपल्याला खपणार नाही, आणि खपू नयेच, कारण ती एका थोर कवयित्रीची कविता आहे. त्या कवितेला लोकगीत म्हणणे म्हणजे बहिणाबाईंच्या हातून कवीपण काढून घेणे होय. मी परीक्षक असताना एका संघाने त्यांच्या ओव्या ‘पारंपरिक’ म्हणून नोंदवल्या होत्या. त्या कागदावर मी स्वतः बहिणाबाईंचे नाव लिहिले.

जुनेपणाच्या कसोटीबद्दलही थोडे बोलले पाहिजे, कारण पुष्कळ परीक्षक ती मनात धरून असतात. मराठवाड्यातल्या दलित बायांनी जात्यावर बाबासाहेब आंबेडकरांच्या ओव्या म्हटल्या आहेत. त्या विसाव्या शतकाच्या आधीच्या असणे शक्यच नाही, तरी त्यांचा साचा, चाल आणि बाईबाईगणिक होणारे बदल हे सारे जुन्या ओवीसारखेच आहे. आंबेडकरी चळवळीतले लोककवी वामनदादा कर्डक (1922 ते 2004) यांची गाणी आणखी अवघड प्रश्न उभा करतात. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव असते, म्हणजे शाहिरी परंपरेतली नाममुद्रा असते. गाणी वस्त्यावस्त्यांतून तोंडी पसरली, कव्वालीपासून भजनापर्यंत वेगवेगळ्या चालींत शिरली, नव्या गायकांनी कडवी मागेपुढे केली. मी त्यांना निःशंकपणे लोकसंगीताच्या परंपरेत धरते. ज्यांना ती ‘प्रचारगीते’ वाटतात त्यांनी पोवाडा कशासाठी रचला जात असे, हे आठवावे. लोकगीत म्हणजे बैल, मोट आणि माहेर, अशी एक ठरीव चौकट शहरी श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे असते, आणि त्या चौकटीत न बसणारा लोक त्यांना लोक वाटत नाही. या चुकीबद्दल मला खरोखर राग आहे.

रंगमंचाचा मुद्दा त्याहून नाजूक आहे. गोंधळ हा कुळाचार आहे. चौक भरायचा, घट मांडायचा, दिवटी पेटवायची, देवतांना नावे घेऊन बोलवायचे, आणि मग संबळ-तुणतुण्याच्या साथीने आख्यान लावायचे, त्यात नायक आणि त्याला मागून साथ देणारे झीलकरी यांची रात्रभर चालणारी सवालजबाबासारखी देवघेव असते. हेच सात मिनिटांच्या गटात बसवायचे तर उरते काय? ठेका उरतो, पोशाख उरतो, ‘उदे उदे’चा गजर उरतो. ते खोटे आहे असे मी म्हणणार नाही; पिढीजात गोंधळ्यांनीही मंचावर कला दाखवली आहे आणि त्यातून त्यांना मान मिळाला, पोटही भरले. पण तो गोंधळाचा एक तुकडा आहे, हे सादर करणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. ओवीचेही तसेच आहे. मुळशीकडच्या एका आजींना आम्ही ध्वनिमुद्रणासाठी खुर्चीवर बसवले, तर त्यांना दुसरी ओवीच आठवेना. शेवटी त्या जमिनीवर बसल्या, मोकळा उजवा हात खुंट्यावर असल्यासारखा गोल फिरवू लागल्या आणि डाव्या हाताने नसलेला घास नसलेल्या जात्याच्या तोंडात सोडू लागल्या. मग सलग चाळीस ओव्या आल्या. घरोघरी पिठाच्या गिरणीचे दळण आले आणि जाते कोपऱ्यात गेले, तेव्हा त्या ओव्यांचा श्वास मोजणारे यंत्रच गेले. लग्नात घाणा भरताना हळकुंडे दळण्यापुरते ते अजून बाहेर निघते.

आता मी ज्या नुकसानीचा उल्लेख सुरुवातीला केला त्याकडे येते. ‘लोकगीताला कर्ता नसतो’ हे वाक्य एकदा रूढ झाले की दोन्हीकडून चोरी सोपी होते. एकीकडे ज्याचा कवी माहीत आहे अशा गाण्यावर ‘पारंपरिक’ असा शिक्का मारला जातो आणि कवीचे नाव व मानधन दोन्ही बुडते. भारतीय कायद्याप्रमाणे कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या शब्दांवर हक्क चालतो. शान्ताबाई 2002 साली गेल्या, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2062 अखेरपर्यंत आहे. दुसरीकडे खेड्यातल्या बाईकडून किंवा गोंधळ्याकडून ऐकलेले पद शहरातला कोणी ध्वनिमुद्रित करतो आणि ‘गीत-संगीत’ या रकान्यात स्वतःचे नाव घालतो, कारण मूळ कर्ता ‘नसतोच’. ज्यांनी पाच पिढ्या ते पद सांभाळले त्यांना एक ओळीचे श्रेयही मिळत नाही. म्हणून पहिल्या परीक्षकांचे कारण मला मान्य नाही. ते कारण वरवर काटेकोर दिसते आणि प्रत्यक्षात या दोन्ही चोऱ्यांना वाट करून देते.

आपल्या संघाबद्दल सांगायचे तर, ध्वनिमुद्रिकेतले दोन कडव्यांमधले संगीतसुद्धा मुलांनी हुबेहूब बसवले होते, असे आपण अभिमानाने लिहिले आहे. मेहनत निश्चित मोठी आहे. पण लोकगीताच्या गटात मी नेमके यासाठीच गुण कमी केले असते, कारण तिथे मुलांनी एका सुंदर ध्वनिमुद्रिकेची प्रत सादर केली. सुगम समूहगीताच्या गटात याच सादरीकरणाला मी भरभरून गुण दिले असते.

पुढच्या वर्षासाठी एक सुचवते. आपले महाविद्यालय उरणजवळ आहे. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या तरी आजीला किंवा शेजारणीला धवले येत असतील. तिच्याकडे चार-पाच वेळा मुलांना घेऊन जा, तिची परवानगी मागा, आणि ती जो धवला मंचावर म्हणायला हरकत नाही असे सांगेल तोच शिका. काही धवले विधीबाहेर म्हणायचे नसतात आणि तसे ती स्पष्ट सांगेल. वाद्ये जोडायची तर तिला आधी ऐकवून जोडा. प्रवेशपत्रिकेवर ‘गीत’ या रकान्यात नुसते ‘पारंपरिक’ लिहू नका. तिचे नाव, तिचे गाव आणि ती हा धवला कोणाकडून शिकली ते लिहा, रकाना लहान पडला तर मागच्या बाजूला लिहा, आणि तिची तयारी असेल तर त्या दिवशी तिला पहिल्या रांगेत बसवा.